यादीत नसलेला विषय

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरचा फोन वाजू लागतो. कनिष्ठ महाविद्यालयात मी २७ वर्षे भूगोल शिकवला आणि त्यातल्या बऱ्याच वर्षांचा जून महिना प्रवेशाच्या खिडकीमागे काढला. निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली, पण ओळखीच्या लोकांना ती खिडकी अजून उघडीच वाटते. फोनवरचा प्रश्नही ठरलेला असतो.

"सर, मुलीला ब्याऐंशी टक्के पडले. सायन्सलाच घालायचं ना?"

मी विचारतो, "तिला विषय कोणते आवडतात?"

पलीकडे जरा शांतता पसरते. मग उत्तर येते, "विषय म्हणजे... सायन्सला जे असतात ते."

श्रोतेहो, या उत्तराला हसू नका. आपल्याकडे बहुतेक घरांत असेच होते. आधी शाखा ठरते, विषय मागाहून कळतात. दुकानात जाऊन नुसती पिशवी निवडावी आणि आत काय आहे ते घरी येऊन पाहावे, तसा हा प्रकार. म्हणून आज मी शाखांविषयी बोलणार नाही, विषयांविषयी बोलणार आहे. त्यातही दोन गटांविषयी : विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. दहावीपर्यंत हे दोन्ही गट प्रत्येक मुलाच्या दप्तरात असतात. अकरावीच्या पहिल्या दिवशी त्यातला एक दप्तरातून बाहेर पडतो आणि बहुतेकांच्या बाबतीत पुन्हा कधीच आत येत नाही. तो कसा पडतो, कोण पाडतो आणि त्याचे काय करता येते, एवढेच आज पाहू.

दहावीपर्यंत एकच ताट

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञान हा १०० गुणांचा विषय आहे. त्याचे दोन भाग. मुले त्यांना 'सायन्स वन' आणि 'सायन्स टू' म्हणतात. प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. सामाजिक शास्त्रांचेही १०० गुण. इतिहास व राज्यशास्त्र मिळून ४०, भूगोल ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २०. म्हणजे गुणपत्रिकेवर दोन्ही गटांचे वजन सारखे. घरात मात्र ते सारखे नसते. विज्ञानाला शिकवणी लावली जाते आणि इतिहास-भूगोल "आदल्या दिवशी वाचून होतो".

आता या पुस्तकांत काय असते ते पाहा. २०१८ साली दहावीची पुस्तके बदलली. सनावळ्यांच्या भीतीने इतिहासाचे पुस्तक उघडलेल्या पालकांना त्यात वेगळेच काही सापडले. इतिहास लिहितात कसा, यावर धडे आहेत. उपयोजित इतिहास आहे. प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन यांचा इतिहासाशी संबंध काय, हे सांगणारे धडे आहेत. भूगोलात भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारी शेजारी ठेवून शिकवले आहेत. हवामान, लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, सगळे तुलनेने. पुस्तकाची सुरुवातच क्षेत्रभेटीपासून होते. राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आहेत.

आणि विज्ञानात? पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, आवर्ती वर्गीकरण, विद्युतधारा, भिंगे हे अपेक्षित धडे. दुसऱ्या भागात मात्र आनुवंशिकता, सूक्ष्मजीवशास्त्र यांच्या सोबतीने 'सामाजिक आरोग्य' आणि 'आपत्ती व्यवस्थापन' असेही धडे येतात. मला सांगा, सामाजिक आरोग्य हा विज्ञानाचा धडा की सामाजिक शास्त्राचा? पुस्तक करणाऱ्यांनी तो विज्ञानात घातला, कारण विषयांच्या सीमा आपण आखलेल्या असतात. जगात त्या कुठे दिसत नाहीत.

इतर मंडळांची मांडणी थोडी वेगळी आहे. केंद्रीय मंडळात सामाजिक शास्त्राचा पेपर एकच, पण त्याखाली इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र अशी चार पुस्तके. आयसीएसईमध्ये भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे पेपर दहावीलाच वेगळे होतात. मांडणी काहीही असो, दहावीपर्यंत मुलाला दोन्ही गटांशी ओळख ठेवावी लागते.

हे आपोआप झालेले नाही. जुन्या मॅट्रिकच्या काळात गणित किंवा विज्ञान सोडून परीक्षा देणारी मुले आणि विशेषतः मुली पुष्कळ असत. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांची आयुष्यभर एकच खंत राहिली, "आम्हाला गणित घेऊच दिलं नाही." १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने सांगितले की शाळेची पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांनाच शिकवावे, आणि विशेष शिक्षणाच्या वाटा दहावीनंतरच फुटाव्यात. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची शालान्त परीक्षा सुरू झाली आणि जुनी अकरावीची मॅट्रिक इतिहासजमा झाली. आज आपण "दहावीनंतर काय?" असे विचारतो, तो प्रश्न त्या बदलातून आला आहे.

अकरावीला काय सुटते

दहावीनंतर ताट बदलते. अकरावी-बारावीला इंग्रजी सक्तीचे, शिवाय दुसरी एक भाषा किंवा तिच्याऐवजी मिळणारा एखादा विषय. पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा सर्वांना, शारीरिक शिक्षण सर्वांना. उरलेले चार विषय ऐच्छिक. 'ऐच्छिक' हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

विज्ञान शाखेत सहसा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र. पहिल्या दोहोंना आणि जीवशास्त्राला ७० गुणांची लेखी परीक्षा आणि ३० गुणांचे प्रात्यक्षिक. ज्याला 'बायफोकल' म्हणतात, त्या द्विलक्ष्यी अभ्यासक्रमात दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र किंवा पीकशास्त्र यांसारखा २०० गुणांचा व्यवसाय विषय येतो. कला शाखेत इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल, तर्कशास्त्र असे विषय.

म्हणजे ज्याला विज्ञान मिळाले त्याचा इतिहास, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुटले. ज्याला कला शाखा मिळाली त्याचे भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि बहुधा गणितही सुटले.

यात गंमत अशी, की सुटलेल्या विषयात नेमके त्याच्याच कामाचे काही असते. बारावीच्या इतिहासाच्या २०२० सालच्या पुस्तकाचा पहिलाच धडा युरोपातील प्रबोधन आणि विज्ञानाचा विकास हा आहे. विज्ञान कसे जन्माला आले, हे सांगणारा धडा. तो कला शाखेची मुले वाचतात, विज्ञानाची मुले वाचत नाहीत. उलट अर्थशास्त्राच्या पुस्तकात निर्देशांक येतात, मागणीची लवचिकता येते, आलेख येतात, आणि ते समजायला ज्या गणिताची सवय लागते ती सोडून आलेली मुले समोर बसलेली असतात. मी भूगोलाच्या तासाला समोच्च रेषांवरून उताराचा छेद काढायला सांगितला की अर्धा वर्ग म्हणायचा, "सर, हे गणितासारखं आहे." अहो, गणितच आहे ते!

तुम्ही म्हणाल, सगळ्यांनी सगळे शिकायचे कशाला? कुठेतरी वाट निवडावीच लागते. बरोबर आहे. पण एक उदाहरण देतो, म्हणजे माझे म्हणणे लक्षात येईल.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, हिवरे बाजार नावाचे गाव आहे. पोपटराव पवार तिथले सरपंच झाले आणि पुढे गावाने पाण्याचे जे काम केले ते सर्वांना माहीत आहे. २०२० सालचा पद्मश्री सन्मानही त्यांना जाहीर झाला. त्या कामाकडे जरा विषयांच्या नजरेने पाहा. आपल्या राज्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक वाळूसारखे पाणी पोटात धरत नाही. वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या फटींत मावेल तेवढेच पाणी तो धरतो. म्हणून पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, यंदा पाणी किती आहे याचा हिशेब मांडायचा. हे झाले विज्ञान. पण मोजून झाले की प्रश्न उभा राहतो : हे पाणी कुणी, किती आणि कशासाठी वापरायचे? हिवरे बाजारने ग्रामसभेत ठरवले की शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, उसासारखी जास्त पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडायचा. हे झाले राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र. यातला एक भाग काढून टाका, दुसरा लंगडा पडतो. पातळी मोजणारा आहे पण ग्रामसभा ऐकत नाही, किंवा ग्रामसभा जागी आहे पण पाणी किती आहे तेच ठाऊक नाही, अशी गावे आपण रोज पाहतो.

आपले मूल डॉक्टर होवो, शिक्षक होवो, नाहीतर शेती करो, त्याच्या वाट्याला येणारे प्रश्न याच जातीचे असणार आहेत.

मंडळाची यादी आणि कॉलेजची यादी

आता त्या 'ऐच्छिक' शब्दाकडे वळू. इच्छा कुणाची?

मंडळाची विषयांची यादी खरे तर बरीच मोठी आहे. भूगोल कला शाखेत घेता येतो तसा विज्ञान शाखेतही घेता येतो. विज्ञान शाखेत भूशास्त्र हा विषय आहे. खडक, खनिजे आणि भूजल यांचा हा अभ्यास. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणापासून राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेपर्यंत वाट नेणारा हा विषय, आणि तो शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालये मात्र शोधावी लागतात. विहिरींवर जगणाऱ्या राज्यात ही स्थिती आहे! गणिताचेही तसेच. बारावीच्या गणिताच्या पेपरच्या नावापुढे 'कला व विज्ञान' असे स्पष्ट लिहिलेले असते. म्हणजे कला शाखेच्या मुलाला गणित घेण्याची परवानगी मंडळाने केव्हाच दिलेली आहे.

पण मुलगा प्रवेश घेतो तो मंडळात नाही, कॉलेजात. आणि कॉलेजची यादी छोटी असते. ती छोटी का असते, हे मी आतून पाहिले आहे. एखादा विषय चालवायचा तर शिक्षक हवा. शिक्षकाचे पद हवे तर त्याला पुरेसा कार्यभार हवा. कार्यभार हवा तर मुले हवीत. मुले हवीत तर विषय माहीत हवा, आणि विषय माहीत होण्यासाठी आधी तो कुठेतरी चालू हवा. हे चक्र उलटे फिरू लागले की दोन-तीन वर्षांत विषय बंद पडतो. शिक्षक निवृत्त होतो, पद भरले जात नाही, आणि पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकातून एक ओळ गुपचूप गळते. कुणी ठरवून विषय मारत नाही. तो आपोआप मरतो. प्रयोगशाळेचा खर्च असतो, अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्यांचा हिशेब असतो. आणि सगळ्यात शेवटी असते वेळापत्रक.

वेळापत्रकाविषयी मला एक कबुली द्यायची आहे.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वेळापत्रक करण्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते. जूनमध्ये एक मुलगा खिडकीशी आला. शेतकऱ्याचा मुलगा, गणितात उत्तम गुण, बोलणे कमी. म्हणाला, "सर, मला आर्ट्सला यायचंय. अर्थशास्त्र करायचंय. पण त्याच्याबरोबर गणित घ्यायचंय."

मी हसलो. खोटे कशाला सांगू, मी हसलोच. आमच्याकडे विज्ञानाचे तास सकाळी आणि कला शाखेचे दुपारी. गणिताचा तास सकाळच्या पाळीत. एका मुलासाठी कोण वेळापत्रक हलवतो? मी त्याला म्हणालो, "अरे, आर्ट्सला गणित कशाला हवं? अर्थशास्त्र घे, भूगोल घे, चांगले मार्क पडतील." मुलगा गरीब स्वभावाचा. "बरं सर," म्हणाला आणि मी सांगितले तसा अर्ज भरून गेला.

त्याला गुण पडले. वर्गात पहिला आला. बारावीच्या निकालानंतर तो पुन्हा आला तेव्हा त्याच्या हातात दिल्लीच्या एका कॉलेजची माहिती छापलेला कागद होता. अर्थशास्त्राच्या पदवीसाठी पात्रता : बारावीला गणित आवश्यक. त्या ओळीखाली त्याने पेन्सिलीने रेघ मारली होती. तो रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, "सर, तेव्हा मी लेखी अर्ज दिला असता तर जमलं असतं का?"

मला उत्तर देता आले नाही. कारण उत्तर 'हो' असे होते.

पुढच्या जूनमध्ये मी कला शाखेचे दोन तास हलवले आणि गणित घेणाऱ्या मुलांना सकाळच्या तासाला विज्ञानाच्या वर्गात बसू देण्याची प्राचार्यांकडून परवानगी घेतली. एका संध्याकाळचे काम होते. त्या वर्षी चार मुलांनी गणित घेतले. तो मुलगा आमच्याच गावात बी. ए. झाला, आज एका बँकेत आहे, व्यवस्थित आहे. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार मला जड जातो.

कोणत्या विषयाने कोणते दार

हे सांगितले ते घाबरवण्यासाठी नाही. विषय सुटतो तेव्हा त्याच्याबरोबर कोणते दार बंद होते, ते आधी माहीत असावे, म्हणून. ठळक गोष्टी सांगतो. नियम बदलत असतात, तेव्हा त्या त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अभियांत्रिकीला साधारणपणे भौतिकशास्त्र आणि गणित लागते. वैद्यकीय शिक्षणाच्या 'नीट' परीक्षेला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र. बी. एस्सी. नर्सिंगसारख्या अभ्यासक्रमांनाही हाच गट. म्हणून अकरावीला जीवशास्त्र सोडणाऱ्याने आणि गणित सोडणाऱ्याने, दोघांनीही विचार करून सोडावे. वैद्यकीय आयोगाने २०२३ च्या अखेरीस, बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही वाट मोकळी केली. पण ती मागाहून घातलेली शिडी आहे, जिना नव्हे.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेचा बारावी पास उमेदवार चालतो. हवाई दल आणि नौदलासाठी मात्र भौतिक, रसायन आणि गणित हवे. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेतून करता येतो. अर्थशास्त्राच्या काही नामांकित पदवी अभ्यासक्रमांना बारावीचे गणित लागते, हे तर मी अनुभवाने सांगितलेच.

विज्ञान शाखेतून बारावी झालेल्याला पुढे बी. ए. करता येते. कला शाखेतून आलेल्याला बी. एस्सी.ला भौतिक किंवा रसायन घेता येत नाही. म्हणून लोक म्हणतात, "सायन्स घेऊन ठेवा, नंतर बदलता येईल." यात तथ्य आहे, पण अर्धेच. ज्या मुलाला भौतिकशास्त्र नकोसे आहे तो दोन वर्षे ते ओढत नेतो, गुण घसरतात, मन मोडते आणि मग 'नापास सायन्सवाला' म्हणून कला शाखेत येतो. त्याच्या मनात ती शाखा कायमची दुय्यम होऊन बसते. हौसेने आला असता तर तोच मुलगा तिथे चमकला असता.

आणि सुटलेला विषय कधी कधी व्याजासकट परत येतो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत संध्याकाळी डोकावून पाहा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले बसलेली असतात. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते, म्हणून त्यात अभियंते पुष्कळ. आणि ते वाचत काय असतात? शाळेची इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्राची पुस्तके. जी पुस्तके चौदाव्या वर्षी "आदल्या दिवशी वाचून होतात" म्हणून बाजूला ठेवली, ती तेविसाव्या वर्षी रंगीत पेनांनी रेघा मारून वाचावी लागतात.

दुसरीकडे काय करतात

सगळीकडे अशीच भिंत आहे का? नाही. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट नावाचा जो अभ्यासक्रम आहे, त्याच्या पदविकेला सहा विषय घ्यावे लागतात आणि त्यात विज्ञानगटातला एक, समाजशास्त्रगटातला एक आणि गणित असावेच लागते. म्हणजे पुढे डॉक्टर होणारा मुलगाही इतिहास किंवा अर्थशास्त्र घेऊन बसतो. या शाळांच्या फीचे आकडे आपल्याला परवडणारे नाहीत, हे खरे. पण कल्पना काही महाग नाही.

आपल्याच देशातले पाहा. केंद्रीय मंडळाच्या शाळांत नियमाने शाखा बांधलेल्या नाहीत, शाळा उपलब्ध करून देईल ते विषय एकत्र घेता येतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत बारावीला एक भाषा आणि इतर विषय आपल्या निवडीने घेता येतात, भौतिकशास्त्राशेजारी इतिहास ठेवायला तिथे आडकाठी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सांगितले आहे की कला आणि विज्ञान यांच्यात पक्क्या भिंती नकोत, नववी ते बारावीत मुलांना विषयांची मोकळी निवड हवी.

उत्तम आहे. पण मघाची गोष्ट आठवा. माझ्या त्या विद्यार्थ्याला नियमाने अडवले नव्हते. नियम त्याच्याच बाजूने होता. त्याला अडवले ते वेळापत्रकाने आणि माझ्या हसण्याने. धोरणाने कागदावरची भिंत पडते. कॉलेजातली भिंत पाडायला शिक्षक लागतो, जादा तास लागतो आणि "का नाही?" असे विचारणारा पालक लागतो.

मग करायचे काय?

आता थोडे व्यवहाराचे. २०२५ पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होऊ लागले. अर्जात कॉलेज आणि शाखा यांचा पसंतीक्रम भरायचा असतो. ऐच्छिक विषयांचे बोलणे बहुधा प्रवेश पक्का झाल्यावर होते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी, निकालाची वाट न पाहता, मे महिन्यातच दोन-तीन कॉलेजांत जाऊन या. मुलाला बरोबर न्या. बोलू त्यालाच द्या.

तिथे जाऊन विचारायचे प्रश्न साधे आहेत. या शाखेत कोणकोणते ऐच्छिक विषय शिकवले जातात? कोणते दोन विषय एकत्र घेता येत नाहीत, आणि का? विज्ञान शाखेत भूगोल मिळतो का? कला शाखेत गणित मिळते का? त्या विषयाला शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर? प्रयोगशाळा खरोखर उघडी असते का? शेवटचा प्रश्न शिक्षकांना विचारू नका, अकरावीतल्या मुलांना विचारा.

हवा असलेला विषय यादीत नसेल तर तोंडी विचारून परत फिरू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मी खिडकीमागे बसलेला माणूस आहे म्हणून सांगतो. तोंडी विनंती वाऱ्यावर जाते, कागद टेबलावर राहतो. तोच विषय मागणारी आणखी तीन-चार मुले शोधा आणि अर्ज एकत्र द्या. एका मुलासाठी वेळापत्रक हलत नाही, पाच मुलांसाठी हलते.

आणि जो गट सुटणारच आहे, त्याच्याकडे निदान एक खिडकी उघडी ठेवा. विज्ञानाला गेलेल्या मुलीने अकरावीच्या राज्यशास्त्राचे पुस्तक सुट्टीत चाळावे, एकदा ग्रामसभेला किंवा नगरपालिकेच्या सभेला जाऊन बसावे. कला शाखेतल्या मुलाने पर्जन्यमापक करून गच्चीवर ठेवावा आणि पावसाळाभर रोजची नोंद वहीत करावी. याचे गुण कुठे मिळणार नाहीत. पण पुढे कधी गावच्या विहिरीवर वाद पेटला, तर दोन्ही बाजू कळणारा एक माणूस तिथे उभा असेल.

परवा पुन्हा एक फोन आला. "सर, मुलगा म्हणतो सायन्स घेईन, पण भूगोल सोडणार नाही. काहीतरीच ना?"

मी या वेळी हसलो नाही. म्हणालो, "त्याला घेऊन या. जवळच्या कॉलेजांच्या विषययाद्या आपण तिघे बसून वाचू. आणि येताना एक कोरा कागद आणा, अर्ज लिहावा लागेल."